मीठा पानी

भिलाईत कारखान्याची पहिली धुराडी उभी राहत होती, त्या काळात जानराव ढोमणे नागपूरहून तिथं आला. नागपुरात तो रेल्वेच्या बर्फखान्यात फिटर होता. उन्हाळ्यात गाड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या तिथं निघत. त्या ज्या मिठाच्या पाण्याच्या हौदात धरत, त्या पाण्याची निगा जानरावकडे होती. हौदात बोट बुडवायचं, जिभेच्या शेंड्याला लावायचं, थुंकायचं आणि मीठ कमी झालंय का ते सांगायचं, ही तिथल्या जुन्या माणसांची रीत. जानराव ती त्यांच्याकडूनच उचलून आला होता. पुढं त्याच्या संसारात जे झालं ते या एवढ्याशा सवयीपायी झालं.

भिलाईला त्याला नेलं एका ठेकेदार कंपनीनं. कारखान्याच्या बांधकामात अशा कितीतरी कंपन्या उतरल्या होत्या. या कंपनीनं आपली कचेरी आणि परदेशी इंजिनिअरांचा मुक्काम मिळून एक दुमजली इमारत बांधली होती आणि तिच्यात हवा थंड करायचं मशीन बसवलं होतं. बाहेर लाल मुरुमाचा फुफाटा, पत्र्याच्या शेडी, डोक्यावर घमेली घेतलेल्या रेजांच्या, म्हणजे मजूर बायांच्या, रांगा. आणि दार ढकलून आत पाऊल टाकलं की अंगावर काटा यावा असा गारवा. पहिल्या दिवशी जानराव आत गेला तेव्हा त्याला आपल्या चपलांची लाज वाटली.

मशीन इमारतीच्या मागच्या खोलीत होतं. त्यातून गार झालेलं पाणी पंपानं ढकलत भिंतींतून आणि छतांतून फिरवायचं, खोल्याखोल्यांत पंखा त्या नळ्यांवरून वारा मारणार, आणि तेच पाणी पुढं मुदपाकखान्याच्या थंड कोठीत जाणार. कोठीत मांस आणि लोणी ठेवत. तिथला गारठा असा की साध्या पाण्यानं नळातच गोठून नळ फोडला असता. मिठाचं पाणी लोखंड खातं. म्हणून पाण्यात ग्लायकोल नावाचा एक दाटसर पदार्थ मिसळलेला होता. तो पाण्याला गोठू देत नाही. हिवाळ्यात मशीन आणि कोठीकडची झडप बंद करून तेच पाणी बॉयलरमधून तापवून फिरवायचं, म्हणजे खोल्यांना ऊब. ग्लायकोलचे लोखंडी ड्रम आगगाडीनं येत आणि मागच्या खोलीला लागून असलेल्या पडवीत उभे राहत.

मशीन बसवायला एक रशियन मेकॅनिक आला होता. त्याला हिंदीतले पाचपंचवीस शब्द येत, जानरावला रशियन एकही नाही, पण दोघांचं जमलं. नळ्यांतली हवा कशी काढायची, पंपाच्या दांड्याभोवतीची दोरी कधी बदलायची, काचेची नळी पाण्यात तरंगवून ग्लायकोल किती उरलं ते कसं वाचायचं, पाणी गढूळ नि आंबूस व्हायला लागलं की सगळं उपसून नवं कसं भरायचं, हे त्यानं हात धरून शिकवलं. एकदा एका ड्रमच्या बुचातून थेंब गळत होते. बांधकामावरचं एक कुत्रं येऊन ते चाटत बसलं. संध्याकाळी ते झोकांड्या खात हिंडलं आणि पुढं दोन दिवसांनी पडवीमागे मेलेलं सापडलं. मेकॅनिकनं जानरावची बाही धरून त्याला तिथं नेलं. कुत्र्याकडे बोट केलं, ड्रमकडे बोट केलं आणि स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला.

जानरावनं त्याच दिवशी शेंदरी रंग आणून प्रत्येक ड्रमवर मोठ्या अक्षरांत 'जहर' असं लिहिलं. पण तिथल्या अर्ध्या माणसांना अक्षर येत नव्हतं. कुणीतरी कधीतरी बोट लावून पाहिलं असावं. साऱ्या आवारात त्या पदार्थाचं नाव पडलं, मीठा पानी. जानराव चिडायचा. "मीठा मत बोलो, जहर बोलो," म्हणून ओरडायचा. त्याच्या घरातही तोच शब्द शिरला. "मीठा पानी म्हंजे मिठाचं का?" त्याच्या बायकोनं, अन्नपूर्णेनं विचारलं होतं. "नाई वो, गोड. हे हिंदीतलं मीठा आहे," तो म्हणाला होता आणि दोघं हसली होती.

पडवीला दार होतं, पण कडीला कुलूप नव्हतं. जानरावनं भांडारबाबू श्यामरावांना कितीदा सांगितलं. श्यामराव अमरावतीकडचे, बोलायला गोड माणूस. "येईल कुलूप, मी वर कळवलं आहे," म्हणायचे. कुलूप येत नव्हतं.

आणि चाखायच्या सवयीचं काय? पावसाळ्यात छतातल्या नळ्यांवर दव धरे आणि टपटप गळे. नळ्यांवर बुचाच्या सालीचं वेष्टण, त्यावर डांबराचं कापड. गळणारं पाणी नुसतं दवाचं असेल तर सोडून द्यायचं. पण सांधा सुटून आतलं पाणी येत असेल तर सगळं वेष्टण सोलून सांधा आवळायला हवा. काचेची नळी तरंगवायला वाटीभर पाणी लागतं. इथं चार थेंब. मग जानरावचं बोट आपसूक जिभेकडे जाई. फिकं लागलं तर दव, गोड लागलं तर सांधा. थू करून थुंकायचं, चूळ भरायची, शिडी लावायची. विष आहे हे त्याला ठाऊक होतं. पण थेंबानं काही होत नाही हेही इतक्या वेळा चाखून त्याला ठाऊक झालं होतं.

हे देवीदास बघत असे.

देवीदास अन्नपूर्णेचा धाकटा भाऊ. हिंगणघाटला गिरणीत बदली कामगार होता, पण आठवड्यातून कधी काम, कधी नाही. लग्न नुकतंच झालेलं. अन्नपूर्णेनं नवऱ्याच्या मागं लकडा लावला. "माह्या भावाले बोलावून घ्या ना. तुमच्या शब्दाले तिथी मान आहे." जानरावनं साहेबाला विचारलं आणि देवीदास त्याच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागला. कोहका गावाच्या बाजूला कंपनीच्या पत्र्याच्या चाळीत जानरावच्या दोन खोल्या होत्या. तिथंच तो राहू लागला. बायको कमला माहेरी होती. खोली मिळाली की तिला आणायची असं ठरलं होतं.

माणूस मोठा आनंदी. कामाला चलाख, तोंडात सतत गाणं. जानरावची मुलगी विजया त्याच्या खांद्यावरून उतरत नसे. त्या घरात हसण्याचा आवाज सगळ्यात जास्त त्या दिवसांत झाला. छत्तीसगढी पंपवाला नत्थू याच्याशी त्याची गट्टी जमली आणि देवीदास महिन्याभरात त्याची बोली बोलायला लागला.

जानरावनं त्याला पहिल्याच दिवशी ड्रम दाखवून बजावलं होतं. नंतरही बजावत असे.

"हे जहर आहे, देवीदास. हात लागला त धुवून घेत जाय."

"मंग तुमी कसे जिवंत आहा भाऊजी?" देवीदास डोळे मिचकावून म्हणाला. "रोज त चाखून राहिले."

"थेंब आहे गा तो. थेंबानं काय होते?"

"थेंबानं नाई होत, मंग घोटानं कायचं होते?"

तो हसला, आणि त्याच्या हसण्यात एवढी गंमत होती की जानरावही हसला. त्यावर एखादा जबर शब्द टाकायला हवा होता, टाकला नाही. शिडी उचलून दोघं पुढच्या खोलीकडे गेले.

साठ सालच्या धुळवडीला जानराव कामावर होता. ऊन तापायला लागलं होतं, साहेबांच्या खोल्या गार हव्या होत्या. देवीदासला आणि नत्थूला सुटी होती. दुपारी दोघं रंगानं माखून कंपनीच्या आवारात आले. नत्थूनं मोहाची दारू आणली होती आणि सकाळपासून तो ती पीतच होता. देवीदासला मोहाचा वास सहन होत नसे, पण सणाची झिंग त्यालाही हवी होती. त्यानं पडवीचं दार ढकललं, ड्रमचं बूच सैल केलं, लोटाभर काढलं, त्यात लिंबू पिळलं आणि प्याला. नत्थूनंही थोडं घेतलं. जानराव त्या वेळी वरच्या मजल्यावर एक पंखा उघडून बसला होता.

तो दिवेलागणीला घरी आला तेव्हा देवीदास ओसरीत आडवा झाला होता. बोलणं जड, डोळे तांबारलेले, उगीच हसत होता. जानरावनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा वास नव्हता.

"भांग घेतली वाट्टे," तो अन्नपूर्णेला म्हणाला. "झोपू दे."

सकाळी देवीदासला उलट्या झाल्या. मग तो जरा बरा वाटला. अंघोळ केली, वरणभात मागून खाल्ला, विजयाला एक गोष्टही सांगितली. अन्नपूर्णेनं सुस्कारा सोडला. जानराव कामावर गेला तर पंपाजवळ नत्थू गुडघ्यांत डोकं घालून बसलेला.

"भैया," नत्थू म्हणाला, "देवीदास ह मीठा पानी पी डारिस. लोटा भर. मंय घलो पिएंव, थोरकिन."

जानरावनं पाना तिथंच टाकला. नत्थूला तसाच सोबत घेऊन तो घराकडे पळाला. देवीदास बाजेवर बसून पाठ चोळत होता. कमरेत कळा येत होत्या आणि सकाळपासून लघवी झाली नव्हती. त्याला आणि नत्थूला बैलगाडीत घालून जानरावनं दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय प्याला? जानरावनं नाव सांगितलं, किती ते सांगितलं. डॉक्टरांनी दोघांना तपासलं. मग जानरावला बाजूला नेऊन म्हणाले, देवीदासची मूत्रपिंडं बंद पडत चालली आहेत. जे करता येतं ते आम्ही करतो. त्यांच्या आवाजावरूनच जानरावला उमगलं.

देवीदासचं तोंड सुजलं, श्वास जोरजोरात चालायला लागला. शुद्ध मात्र तीनेक दिवस होती. अन्नपूर्णा त्याच्या उशाशी बसून होती. एका दुपारी तो तिचा हात धरून म्हणाला, "ताई, भाऊजी त रोज चाखते ना वो." त्यात तक्रार नव्हती. त्याला खरंच कोडं पडलं होतं. जानराव पायथ्याशी उभा होता. अन्नपूर्णेनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भावाकडे वळवली.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी देवीदास गेला. नत्थू वाचला. गावातले लोक म्हणाले, पोटात मोहाची होती म्हणून तरला. डॉक्टर म्हणाले, असेलही, शिवाय तो थोडंच प्याला होता. पण त्याच्या अंगातली ताकद गेली ती गेलीच. तो आपल्या गावी परतला.

कमला हिंगणघाटहून आली ती अंत्यविधी आटोपल्यावर. वीस-एकवीस वर्षांची असेल. रडून तिचा आवाज बसला होता. दिवसकार्य होईपर्यंत ती अन्नपूर्णेजवळ राहिली. जायच्या सकाळी जानराव ओसरीत एकटा बसला होता, तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"एक विचारू का जी?"

"विचार ना बाई."

"ते कसं लागते? जे ते प्यायले ते."

जानरावला वाटलं खोटं सांगावं. जमलं नाही. "गोड," तो म्हणाला.

"मंग आवडलं असन त्याईले," ती म्हणाली आणि आत गेली.

चौकशी झाली. त्याआधी श्यामराव जानरावला गाठून म्हणाले, "हे पाहा, कुलूप होतं असं सांगा. त्यानं तोडलं. म्हणजे तुमच्यावरही काही येत नाही, माझ्यावरही नाही. गेलेला माणूस काही बोलायला येत नाही आता." त्यांच्या घरी चार लेकरं होती, हे जानरावला माहीत होतं.

मॅनेजरच्या खोलीत बाहेरून आलेला एक अधिकारी बसला होता. खोली गार होती. जानरावनंच सकाळी ती गार केली होती.

"ताला था?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"नहीं था साहब. मैं मांगता था, आया नहीं."

श्यामराव खिडकीबाहेर बघत राहिले.

"मरने वाले को मालूम था जहर है?"

"मैंने बोला था," जानराव म्हणाला. "लेकिन वो रोज देखता था, साहब. मैं खुद चखता था. पाइप का पानी. उंगली से."

"रोज?"

"रोज."

"और तुमको कुछ नहीं हुआ?"

"नहीं साहब."

अधिकाऱ्यानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, ही कामातली रीत आहे, याचा इथं संबंध नाही. अधिकाऱ्यानं मान हलवली. देवीदास स्वतःच्या चुकीनं मेला असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पडवीला भलं मोठं पितळी कुलूप लागलं आणि त्याची किल्ली जानरावच्या हातात दिली गेली.

घरी आल्यावर त्यानं अन्नपूर्णेला सगळं सांगितलं. त्याला काय अपेक्षा होती कोण जाणे. ती तांदूळ निवडत होती.

"खरं बोलले, बरं केलं," ती म्हणाली. "माहा भाऊ येते का त्यानं?"

नोकरी सोडून नागपूरला परत जावं असं जानरावच्या मनात शंभरदा आलं. पण बर्फखान्यातली त्याची जागा भरली होती, विजया शाळेत जायला लागली होती, आणि अन्नपूर्णा म्हणाली, "कुठी जाता? तो इथी जळला." म्हणून ते राहिले. तेच पंप, त्याच नळ्या, तेच ड्रम. बोट जिभेकडे जायचं थांबलं. आता तो शिडीवर उभा राहून गळतीखाली वाटी धरे, ती भरेपर्यंत तासभर वाट बघे आणि मग काचेची नळी तरंगवे. साहेब ओरडत, इतका वेळ कशाला? तो वाटी धरून राही. नवा हेल्पर आला, त्याला तो कधी ड्रमजवळ फिरकू देत नसे.

पूर्वी अन्नपूर्णा भाजीला फोडणी दिली की पळी पुढं करायची. "मीठ पाहा जी, तुमची जीभ मोठी ना." आता तिनं कधी पळी पुढं केली नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं जानरावला वाटे. ती भांडली नाही. वेळेवर डबा दिला, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, विजयासमोर बोलली. दोघंच असली की मात्र घरात भांड्यांचाच आवाज.

अशी वर्षं गेली. कारखाना वाढला, सिविक सेंटरला दुकानं लागली, रस्त्याकडेची झाडं सावली धरू लागली. ठेकेदार कंपनीचं काम संपत आलं. सहासष्ट साली तिनं गाशा गुंडाळायला घेतला. इमारत दुसऱ्या कुणाला द्यायची ठरली. त्यांना ते जुनं मशीन नको होतं. नवा मॅनेजर जानरावला म्हणाला, "सब पानी नाली में खोल दो."

नाली पुढं ओढ्याला मिळत होती आणि ओढ्यावर रुआबांधा गावाकडची गुरं पाणी प्यायला येत. जानराव म्हणाला, "नाली में नहीं, साहब." मॅनेजरला घाई होती. "जहाँ डालना है डालो," म्हणून तो निघून गेला.

इमारतीमागे पडीक मुरुमाड होतं. जानरावनं तिथं स्वतः मोठा खड्डा खणला. वय झालं होतं, दोनेक दिवस लागले. मग रबरी नळी लावून त्यानं झडप उघडली. भिंतींतून फिरून फिरून जुनं झालेलं ते पाणी तांबूस, फेसाळ होऊन खड्ड्यात पडू लागलं. ते जिरायला वेळ लागणार होता. आसपास शेळ्या चरत होत्या. जानराव काठी घेऊन काठावर बसला. डबा घरीच राहिला होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा अन्नपूर्णा मुरुमाडातून येताना दिसली. हातात फडक्यात बांधलेली भाकर. इतक्या वर्षांत ती या आवारात कधी आली नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर येऊन थांबली. खाली बघत राहिली.

"हेच का?"

"हेच."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

ती पदर सावरून खाली बसली. फडकं सोडून तिनं भाकर आणि कांदा त्याच्यापुढं ठेवला आणि त्याच्या हातातली काठी घेतली. "तुमी जेवा. मी पाहतो शेळ्याईले."

जानरावनं हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. मग घास तोडला. एक काळी शेळी मान लांबवत खड्ड्याकडे आली, तशी अन्नपूर्णा उठून तिच्यामागं धावली आणि तिला पार बाभळीपर्यंत हाकलून आली. परत येऊन बसली तेव्हा तिला धाप लागली होती.

"कमलीचा पाट लागला," ती एकदम म्हणाली. "वणीले. माणूस चांगला आहे म्हणते."

"कोणं सांगतलं?"

"आईनं निरोप धाडला. दिवाळीतच. मी सांगतलं नाई तुमाले."

"बरं झालं," जानराव म्हणाला. "लेकरू झालं का तिले?"

"होणार आहे."

मग ती बराच वेळ रडली. जानरावनं तिला हात लावला नाही. लावावा की नाही ते त्याला कळेना. खड्ड्यातलं पाणी हळूहळू खाली जात होतं, कडेनं तांबूस फेसाची रेघ उरत होती. ऊन कललं, शेळ्या गुराख्याबरोबर घराकडे वळल्या, तरी तळाशी ओल होतीच. दोघांनी फावड्यानं आणि हातांनी मुरूम लोटून खड्डा भरला आणि वरून दगड रचले.

त्यानंतर जानरावला दुर्गला एका बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. सकाळच्या गाडीनं जायचं, दिवस मावळायच्या आत परत. अन्नपूर्णा पुढंही कमीच बोलायची. देवीदासचं नाव तिनं घरात पहिल्यांदा घेतलं ते विजयाच्या लग्नात, मामाच्या जागी कुणाला उभं करायचं हा प्रश्न निघाला तेव्हा. "देवीदासच्या जागी कोनीच नको," ती म्हणाली. "तिचे बाबाच उभे राहतीन." आणि जानराव मंडपात अंतरपाटाजवळ मुलीचा हात धरून उभा राहिला.